पाच पायांचा बैल आणि आमच्या बाई

बातमी घेऊन आली ती पिहू. वय वर्षं पाच, बाईंच्या नातवाची मुलगी. सकाळी मी अंगणात तांदूळ निवडत बसले होते आणि ही फाटक सताड उघडं टाकून आत आली. सवयीनं ओरडणार होते, तेवढ्यात ती म्हणाली, "आजी, मोठी आजी उठूनच नाई राह्यली. मी तीनदा आवाज देल्ला." मी सूप खाली ठेवलं. आमची दोन घरं लागून, मध्ये फक्त बांबूचा कूड. मी कूड ओलांडून गेले. बाई आपल्या खाटेवर कुशीवर निजल्या होत्या, तोंड किंचित उघडं, जणू कुणीतरी काहीतरी विचारलंय आणि उत्तर ओठावर आलंय… चौऱ्याऐंशी वर्षं. दुखणं नाही, दवाखाना नाही. त्याला आता सव्वा महिना होऊन गेला.

बाई म्हणजे माझी मोठी जाऊ, वत्सलाबाई. आमच्या भागात मोठ्या जावेला बाईच म्हणतात. धानोऱ्याच्या अलीकडे, जंगलाला टेकून असलेल्या आमच्या गावात मी लग्न करून आले ती नागपूरहून, हातात मास्तरकीचं सर्टिफिकेट आणि डोक्यात हवा घेऊन. गावच्या शाळेत नोकरी लागली आणि मग तर काही विचारूच नका. घरात मुलं पाच, बाईंची तीन आणि माझी दोन. त्या पाचांसाठी मी पुठ्ठ्यावर वेळापत्रक करून भिंतीला लावलं होतं. त्यात दुपारी चार ते साडेचार असा शाळेतल्यासारखा एक तास होता, त्याचं नाव 'आनंद'. हसा. मीही हसते. पण त्या काळात मी साडेचार वाजता खरंच टाळी वाजवून आनंद बंद करत असे.

बाई चौथीपर्यंत शिकलेल्या. वेळापत्रक त्यांनी नीट बघितलं आणि म्हणाल्या, "छान हाये. जेवाचं कुठी लिवलं?" ते मी विसरले होते.

त्यांच्याकडे आनंदाचा तास नव्हता, कारण दुसरं काहीच नव्हतं. तव्यावर आयते, म्हणजे आमची घावनं, घालताना तांदळाचं पातळ पीठ त्या मुद्दाम वेडंवाकडं सोडायच्या आणि मुलांनी ओळखायचं, हत्ती झाला की विहीर झाली की शेजारच्या पाटलाचं नाक. जो ओळखेल त्याचा तो आयता. धान कापून झालं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं होतात. ती बघून आली की मुलं अंगणात स्वतःचं नाटक लावत, बाईंच्या लुगड्याचा पडदा, रिकाम्या डब्यांचा बाजा. बाईंना दरवेळी झाडाचं काम. संवाद पाठ होत नसत म्हणून. पण झाड म्हणून त्या मधेच बोलायच्या, "राजा, तुया धोतर सुटून राह्यला," आणि राजा खरंच धोतर सावरायचा. मी आपली बाजूला खुर्ची टाकून, उच्चार कुठं चुकतात ते बघत बसलेली…

मग ते तान्ह्या पोळ्याचं झालं. पोळ्याला खरे बैल सजतात आणि दुसऱ्या दिवशी मुलांचे, लाकडाचे, चाकावर ठेवून दोरीनं ओढायचे. मुलं ते घेऊन घरोघर जातात, पोरांच्या हातावर बोजारा म्हणून खाऊ पडतो. त्या वर्षी शाळेच्या मैदानावर बैलांची स्पर्धा ठेवली होती. बाईंनी पाचही पोरांना सरपणाच्या ढिगात सोडलं. ज्याला जो तुकडा बैलासारखा वाटेल तो त्याचा. माझी मंजू तेव्हा सहा वर्षांची. तिला सागाच्या मुळाचा एक गाठाळ तुकडा सापडला. बाईंनी तापलेल्या सळईनं भोकं पाडून दिली, बाकी सगळं तिनं केलं. बाभळीचे काटे शिंगांना, सुतळीचं शेपूट, गुंजांचे लाल डोळे, एक वर, एक बराच खाली. आणि बांबूच्या काड्यांचे पाय. पाच.

मी पाय मोजले. पुन्हा मोजले. पोळ्याच्या दुपारी सगळी मुलं बैलांची मिरवणूक बघायला गेली, घरात मी एकटी. मी विळीवर तो पाचवा पाय कापला, भोक मेणानं बुजवलं, डोळे काढून एका रेषेत बसवले आणि दाराला लावून उरलेला पांढरा ऑइलपेंट त्यावर दोन हात दिला. आपण मुलीवर केवढे उपकार करतोय, असं वाटून माझे डोळेसुद्धा भरून आले होते, देवाशपथ.

दुसऱ्या दिवशी मीच तो नेऊन मैदानावर मांडला आणि पहिला नंबर आला. हेडमास्तरांनी स्टीलचा डबा पुढे केला आणि मंजूचं नाव पुकारलं. ती गेली, डब्याकडे बघितलं नाही. बैलाकडे बोट करून म्हणाली, "हा माया बैल नाई. माया बैलाले पाच पाय होते."

हेडमास्तर हसले. "बैलाले चारच असते, बेटा."

"उभ्या बैलाले चार असते. माया बैल चालून राह्यला होता."

सगळं मैदान हसलं. मीही हसले, सगळ्यांत मोठ्यानं, आणि पुढे जाऊन तो डबा मीच घेतला. घरी आल्यावर मंजूला अर्धा तास समजावलं की चारचौघांत असं बोलू नये. तिनं ऐकून घेतलं. मग बैलाची दोरी माझ्या हातात दिली. "हा तुया हाये. तू खेळ."

त्यानंतरचे दोन महिने मी कसे घालवले ते सांगते, म्हणजे तेव्हाची शीला मास्तरीण काय चीज होती ते कळेल. मंजू शांत झाली. मातीत हात घालेना, कपडे मळवेना. पाटी घेऊन माझ्याकडे यायची, "तूच काढून दे. तुयंच बरोबर येते." मी काढून द्यायची. दसऱ्याला दारापुढे रांगोळीची चिमूट तिच्या हातात दिली, तर तिनं ती परत माझ्या हातात ठेवली. अंगणातल्या नाटकात ती बघणाऱ्यांत बसायला लागली, माझ्या शेजारी. मी नागपूरला आईला पत्र लिहिलं, मंजू आता फार समजूतदार झाली आहे… खरंच लिहिलं. आई गेल्यावर तिच्या पेटीत ते पत्र मला सापडलं आणि मी ते चुलीत घातलं.

एक गोष्ट मात्र माझ्याही नजरेतून सुटेना. बाई तव्यावर आयता सोडत, विचारत, "मंजे, हे का झालं?" आणि मंजू तव्याकडे बघायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघायची.

बोडीवर, गावच्या तळ्यावर, धुणं धुताना बाईंनीच विषय काढला. "शीला, पोरगी शहाणी नाई झाली वो. भेली हाये."

"कोणाला?"

"तुले."

मी म्हटलं, मी तिला आजवर एक चापट मारलेली नाही. बाईंनी लुगडं दगडावर आपटलं. "मार तं पोरं चार दिवसांत विसरते. मारलं असतंस तं बरं झालं असतं."

मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी ते लक्षातच घेतलं नाही, हा अपमान वेगळा.

दिवाळीआधी घरं सारवून भिंतींना छुई, म्हणजे पांढरी माती, लावायची आणि त्यावर गेरूची चित्रं काढायची, अशी आमच्याकडे रीत. घरातल्या भिंती बाई स्वतः करत, गोठ्याची भिंत मुलांची. बांबूच्या काडीचं टोक ठेचलं की झाला कुंचला. त्या वर्षी त्यांनी कोळशानं रेघा ओढून गोठ्याच्या भिंतीचे सहा भाग केले. पाच मुलांचे आणि मधला, दारातून शिरताच दिसणारा, माझा. मी म्हटलं, "बाई, मला पुस्तकात बघितल्याशिवाय येत नाही."

"म्हून तं देल्ला."

मी मोर काढायला घेतला. मान काढली, ती लांबली. पिसारा काढायला वर जागा उरली नाही म्हणून तो खाली आला. छुई ओली होती, गेरू ओघळला. बाईंचा मधला मुलगा मागे येऊन उभा राहिला. "काकू, कोंबडी चांगली जमली."

"मोर आहे तो!"

"मंग मेलेला हाये का?"

पाचातली चार मुलं गोठ्यात लोळून हसली. बाई पाठ करून शेणाची पाटी उचलत होत्या, त्यांचे खांदे हलत होते. मी रडायच्या बेताला आले होते, खोटं नाही सांगत. बत्तीस वर्षांची बाई, शिक्षिका, आणि आपल्या चित्राला कुणी हसू नये एवढंच वाटत होतं… मंजू हसली नाही. ती मोराकडे बघत होती. कितीतरी वेळ बघत होती. मग जवळ आली आणि म्हणाली, "आई, हात लावू का?"

मी तिच्या बैलाला हात लावताना विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

आता यापुढे मी शहाणी झाले असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण माझ्या ओठांवर आलं होतं ते हे, की लाव, पण पिसाऱ्याला नको, आधी कोळशानं आखून घे. 'लाव पण' एवढं बाहेर पडलं आणि बाईंनी छुईनं बरबटलेला हात सरळ माझ्या तोंडावर ठेवला. नाकातोंडात माती. मी नुसती मान हलवली. मंजूनं गेरूत काडी बुडवली आणि मोराच्या खाली एक पाट काढला. चार खुरांचा, नीट. "थकला दिसते. बसू दे त्याले." मग पाटासमोर ताट काढलं. ताटात आयता. मग मोराला वाढणारी त्याची मोठी आई, म्हणजे बाईच, तिला चोचीसकट नऊवारी… माझी जागा संपली तशी ती शेजारच्याच्या भिंतीत शिरली, त्यावरून भांडण झालं, ओरडाआरडा झाला. जेवण तीन वाजता झालं. बाई तव्यापाशी बसल्या, पहिला आयता सोडला, विचारलं, हे का झालं? आणि मंजू तव्याकडे बघूनच ओरडली, "आईचा मोर!"

मी बाईंशी कधी त्याबद्दल दोन शब्द बोलले नाही. पुष्कळ वर्षांनी एकदा विचारलं, की ती मधली भिंत तुम्ही मला मुद्दाम दिलीत ना? म्हणाल्या, "मले का मालूम? गेरू उरला होता." मंजू काही चित्रकार वगैरे झाली नाही. ब्रह्मपुरीला नर्स आहे, चित्र आजही माझ्यासारखंच काढते. पण तिच्या घरात मधल्या खोलीत तिच्या मुलांनी कायम काहीतरी मांडलेलं असतं आणि पाय कुठं ठेवावा कळत नाही. मी भिंतीला धरून कडेकडेनं जाते.

त्या सकाळी बाईंना आंघोळ घालायला गल्लीतल्या बाया जमल्या. कौसाबाई त्यांत वडीलधाऱ्या, सगळं त्यांच्या हुकमानं चाललेलं. त्यांनी बाईंचा हात उचलला आणि थबकल्या. बाईंची नखं हिरवी होती. पोपटी म्हणा. आदल्या संध्याकाळी पिहूनं कुठून तरी नेलपॉलिशची बाटली मिळवली होती आणि बाईंनी दोन्ही हात तिच्या ताब्यात दिले होते. नऊ नखं झाली, दहाव्याच्या आधी तिला जेवायला हाक आली. कौसाबाई म्हणाल्या, "विधवा बाईले असा रंग? अशा हातानं धाडाचं का? रंग पुसाले कापूस आना वो, मातीचं तेल आना."

पिहू दाराच्या चौकटीत उभी होती. बाटली तिच्या मुठीत होती. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं.

ते बघणं मी ओळखते.

"रंग राहू दे," मी म्हटलं.

"मास्तरीन, तुयं डोस्कं ठिकाणावर हाये का? लोकं का म्हनन?"

"म्हणतील, या घरात लहान मुलं आहेत."

मी वयानं कौसाबाईंहून लहान, पण त्यांच्या दोन्ही मुलांना पाढे मी शिकवलेत. तो धाक अजून थोडा उरला असावा. त्यांनी बाईंचा हात खाली ठेवला. पिहू आत आली, हळूच म्हणाली, "एक राह्यलं हाये."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मी सरकून तिला जागा करून दिली. ती मांडी घालून बसली, बाईंचा अंगठा आपल्या गुडघ्यावर घेतला, जीभ बाहेर काढून कुंचला फिरवायला लागली. "काल लय हालत होती," ती स्वतःशीच म्हणाली. रंग नखाबाहेर बराच गेला, पार सांध्यापर्यंत. माझा हात पदराकडे गेला, कड पुसायला… गेला, खोटं कशाला सांगू. मी तो पदर कमरेला खोचला आणि हात मांडीखाली दाबून बसले. बाई गेल्या त्या दहा पोपटी नखांनिशी. खांदेकऱ्यांतला एकजण वाकून बघत होता.

बाईंची खाट अजून पुढच्या खोलीतच आहे. संध्याकाळी मी कूड ओलांडून जाते आणि खाटेच्या कडेला बसून दोन्ही हात पुढे करते. पिहूला घाई नसते. काल तिनं करंगळीचं नख सोडून सगळी करंगळी रंगवली. मी म्हटलं, "छान झाली हो."

"बोलू नको न आजी," ती म्हणाली, "हालते."