पुरी फुलली की कापा

काकी लसूणघासाची काडी तोडायची, दाढेखाली धरायची आणि डोळे बारीक करून चावायची. काडी कचकन तुटली की विळा उचलायची. तंतू दातांत अडकला की थुंकून म्हणायची, "कापायची वेळ हुकली बग. आता गाय पानं खाईल नि काठ्या टाकील."

काकी माझी कुणी लागत नव्हती. रत्नागिरीपासून थोडं आत, आमच्याच वाडीत राहायची. मी सकाळी घरोघरचं दूध गोळा करून रिक्षातून शहरातल्या हॉटेलांना पोचवतो. त्यामुळे कुणाच्या गोठ्यात काय चाललंय ते मला कॅनमध्येच दिसतं. काकीचा कॅन भरलेला असायचा, तिच्या दिराचा अर्धा. रोज सकाळी ती त्याच्या कॅनमध्ये डोकावून विचारायची, "भावजी, गाईला उपास होता काय काल?"

तुम्ही म्हणाल, बाई खाष्ट होती. होतीच. पण तिच्या नवऱ्याच्या तेराव्याला मी हजर होतो. पंगत उठायच्या आत या दिरानं पऱ्ह्याकाठची, ओढ्यालगतची चांगली जमीन स्वतःकडे घेतली आणि चारचौघांत म्हणाला, "बाईमाणसाला कातळ पुरे." मूलबाळ नसलेली बाई, तिच्या बाजूनं कोण बोलणार? ती रडली नाही. पत्रावळी उचलताना माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाली, "मी काय इसरत नाय हां."

घरामागच्या त्या कातळावर तिनं टोपल्या टोपल्यांनी माती चढवली. भाट्याच्या किनाऱ्यावरून माझ्याच रिक्षातून शिंपल्या आणवल्या, भाजून त्यांचा चुना मातीत मिसळला. आमची तांबडी माती आंबट, आणि या घासाला आंबट सोसत नाही. पावसाळा सरला की ती एका हंगामाचं बियाणं टाकायची. "आपल्या पावसात दुसरं टिकंल काय?" म्हणायची.

दिरानं ते पाहिलं आणि घाटावरून भारी बियाणं आणलं, एकदा पेरलं की वर्षानुवर्षं राहणारं. पऱ्ह्याकाठी पेरून वाडीभर मिरवला. पावसाळ्यात मुळांशी पाणी साचलं आणि सगळं कुजलं. घाण वास सुटला. काकी तेव्हा मुद्दाम पडवीत जेवायला बसायची.

शेवटी तो तिच्या दारात आलाच. मी तिथेच उभा होतो. खाली मान घालून म्हणाला, "वयनी, तुज्यातलं बी दे. नि कापायचं कदी तेवडं सांग."

किती वर्षं वाट पाहिली होती तिनं! सुपातून बी दिलं, निवडलेलं, अस्सल. आणि अगदी मायेनं म्हणाली, "पुरी फुलली की कापा, भावजी. सगळं जांभळं झालं पायजे."

ती स्वतः पहिल्या कळ्या दिसल्या की विळा लावायची. तो गेल्यावर मी म्हटलं, "काकी, खोटं सांगितलंस?"

"भारा मोठा व्हईल त्येचा," ती हसली. "त्येला मोठंच आवडतं सगळं."

झालंही तसंच. भारे डोक्याहून उंच आणि गाईच्या पुढ्यात काठ्यांचा ढीग. कॅन अर्धाच. तो मात्र भारे बघून खूश होता आणि काकीला मानायला लागला होता. मला त्याची कीव आली नाही.

एक गोष्ट मला उशिरा कळली. दीर बाजारात गेला की काकी थोडा सुकवलेला कोवळा घास घेऊन दोन घरांमधल्या दगडी गडग्याशी जायची आणि त्याच्या गाईला भरवायची. मी पाहिलं तेव्हा चिडली. "गाईशी माजं काय भांडण नाय."

गेल्या पावसाळ्यात ती आजारी पडली. हॉस्पिटलात नेताना मी रिक्षात विचारलं, "आता तरी खरं सांगू काय तुझ्या दिरांना?"

तापानं फणफणलेल्या काकीनं डोळे उघडले. "मी मेल्यावर बी नको."

ती परत आली नाही. कातळही दिराकडेच गेला. या थंडीत त्यानं तिचंच बी तिथे टाकलं. परवा गेलो तर सगळा कातळ जांभळा झालेला. त्यात उभा राहून तो पंच्यानं डोळे पुसत होता.

"वयनीनं सांगितलान तसंच केलंय," तो म्हणाला. "कापू आता?"

मी एक काडी तोडून दाढेखाली धरली. नुसतं लाकूड. मला ती पंगत आठवली.

"अजून थोडी फुलूंद्या," मी म्हटलं.

तो मान डोलावून घरात गेला. गडग्यावरून त्याच्या गाईनं मान पुढे केली होती. मी शेंड्यांची पानं ओरबाडली आणि तिच्या तोंडाशी धरली.