दोन बोटं वर

आमचे भावजी बेचाळीस वर्षं जुन्या गाड्यांचे काटे दुरुस्त करतायत. वेगाचा काटा, इंजिनाच्या गरमीचा काटा, पेट्रोलचा काटा. माझ्या बहिणीच्या मते त्यांना याशिवाय काही येत नाही, आणि घरातलं भिंतीवरचं घड्याळ सहा महिने बंद असल्यामुळे मला त्यांची बाजूही घेता येत नाही. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. दुसऱ्याच्या चुका काढायची सवय निवृत्त होत नाही, म्हणून रोज दुपारी त्यांच्या दुकानात स्टूल ओढून बसतो.

दुकान म्हणजे शटरमागची लांबट खोली आणि पुढे एक गाडी मावेल एवढं अंगण. टेबलावर बॅटरी, वाकवता येणारा दिवा, केसाहून बारीक तारेची रिळं आणि बिस्किटांचे रिकामे डबे. काढून टाकलेली कुठलीही वस्तू भावजी फेकत नाहीत, डब्यात टाकतात. आणि प्रत्येक कामावर, झाकणाच्या आतल्या बाजूला, टोकदार खिळ्याने स्वतःची खूण कोरतात. एक गोल, त्यात टिंब, बाजूला वर्ष.

या वर्षी त्यांनी एका गोष्टीचा धसका घेतला होता. त्यांचे थोरले भाऊ अडुसष्टाव्या वर्षी किल्ल्या विसरू लागले, मग रस्ते, मग माणसं. भावजींना आता सदुसष्ट संपत होतं. घराला कुलूप लावलं का म्हणून ते अर्ध्या रस्त्यातून परत जायचे. बहीण हसण्यावारी न्यायची, पण माझ्याजवळ एकदा रडली होती.

अशात दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी आली. पन्नास वर्षांची, राखाडी, गोल डोळ्यांची. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली तरी बाई ती स्वतः चालवतात. पेट्रोलचा काटा मेला होता. भावजींनी टाकीतून फ्लोट बाहेर काढला. फ्लोट म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पत्र्याचा गोळा. तो एका दांडीने तारेच्या वेटोळ्यावर सरकतो आणि पुढच्या काट्याला कळवतो, किती उरलंय ते. वेटोळं झिजून तुटलं होतं, त्यावरचं झाकण गंजलं होतं, आणि दांडी चांगली दोन बोटं वर वाकलेली होती.

"कुठल्या गाढवाने हात लावलाय याला?" भावजी म्हणाले. मीही त्या गाढवाला दोन शब्द ऐकवले.

त्यांनी दांडी सरळ केली, वेटोळं नव्याने गुंडाळलं, नवं झाकण कापलं. मग फ्लोट आणि काटा टेबलावर जोडून चार दिवस त्यांची जोडी जमवत बसले. गोळा खाली, तर काटा रिकाम्यावर. गोळा मधोमध, तर काटा निम्म्यावर. केसाचाही फरक नको. बाई गाडी घेऊन गेल्या, आणि पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. गाडी भर रस्त्यात बंद पडली होती, टाकी कोरडी ठाक.

"तुमचा काटा खोटं बोलतो," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. गाडी ढकलत अंगणात आली.

भावजींनी टाकीत पाच-पाच लिटरचे डबे ओतायला घेतले. डबे मी मोजायचे. मध्येच त्यांनी विचारलं, "हा पाचवा ना?"

"सहावा."

"पाचवा. सहावा तुझ्या हातात आहे."

"हातातला सातवा आहे भावजी."

दोघांनी रिकाम्या डब्यांकडे पाहिलं. डबे दोनच होते, तेच पुन्हा भरून आणत होतो, त्यामुळे त्यांच्याकडून काही कळण्यासारखं नव्हतं. सगळं उपसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला मी भिंतीवर खडूने रेघा मारल्या. चार रेघा, काटा निम्म्यावर. आठ रेघा, काटा शेवटच्या खुणेवर. शिक्षकाला दाखवावं इतकं बरोबर.

"म्हणजे आज बरोबर आहे," भावजी सावकाश म्हणाले, "आणि त्या दिवशी चुकीचं होतं. गाडी देण्याआधी मी पेट्रोल भरून पाहिलं होतं ना?"

मी तिथेच बसलो होतो, पण मला आठवेना. टेबलावरचं आठवत होतं. अंगणातलं काहीच नाही.

"पाहिलं होतं की," मी म्हणालो. ते खोटं होतं, आणि बहुतेक त्यांनाही ते कळलं.

त्यांनी शटरची किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली. "बाईंची गाडी एकदा नीट करून देतो. नाही जमलं तर दुकान बंद. हात चुकला तर सुधारता येतो. मी काय केलं तेच मला माहीत नसेल, तर लोकांच्या गाड्यांना हात लावू नये." मग तोंड धुवायला मागे गेले.

मी घाबरलो. घाबरलो की मला हाताला काम लागतं. बिस्किटांच्या डब्यातलं ते जुनं गंजकं झाकण उचललं आणि रॉकेलच्या फडक्याने घासत बसलो. आतल्या बाजूचा काळा चिकट थर निघाला, तशी अक्षरं दिसायला लागली. गोल, त्यात टिंब. वर्ष एकवीस वर्षांपूर्वीचं. आणि खाली बारीक अक्षरांत: दांडी दोन बोटं वर. साहेबांच्या सांगण्यावरून.

गाढव सापडलं होतं.

आता काय करायचं ते मला कळेना. झाकण लपवलं, तर ते हात गेला असं समजून दुकान बंद करणार. दाखवलं, तर स्वतःच केलेलं काम चार दिवस हातात धरूनही ओळखलं नाही, हे त्यांना कळणार. आयुष्यभर चूक दिसली की लाल रेघ मारली, कधी विचार करावा लागला नाही. झाकण खिशात घातलं आणि घरी गेलो. बहिणीलाही सांगितलं नाही.

सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. रागावलेल्या नव्हत्या, गोंधळलेल्या होत्या. भावजींनी विचारलं, "गाडी थांबली तेव्हा काटा कुठे होता?"

"रिकाम्यावर."

"मग काटा खोटं कुठे बोलला?"

"अहो, काटा रिकाम्यावर बसला की मी बहिणीकडे जाते, दुसऱ्या दिवशी परत येते, मग पेट्रोल भरते. कित्येक वर्षं तसंच करते. आणि टाकी भरली तरी काटा कधी वरपर्यंत चढायचा नाही. मला वाटायचं, वय झालं, धाप लागते."

भावजी माझ्याकडे बघत राहिले. "चुकीचा होता तेव्हा गाडी चालत होती. बरोबर केला तर बंद पडली. हे कसं?"

मी झाकण काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

त्यांनी दिवा वाकवून वाचलं. पुन्हा वाचलं. खुणेवरून अंगठा फिरवला. बाईंनीही चष्मा चढवून वाचलं आणि स्टुलावर बसल्या.

"लग्नानंतर मी दोनदा पेट्रोल संपवून रस्त्यात अडकले होते," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यांदा आमची दोन्ही मुलं गाडीत होती. माझे हे, म्हणजे तुमचे साहेब, एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांनी माझा नाद सोडला. मला तर त्याचा रागच आला होता." त्यांचे डोळे भरून आले. "पुन्हा होतं तसं करून द्याल?"

भावजींनी मान हलवली, पण हात झाकणावरून निघेना.

"आठवतंय का?" मी हळूच विचारलं.

"अक्षर माझं आहे," ते म्हणाले. "साहेब आठवत नाहीत, तो दिवस आठवत नाही. काहीच नाही." मग खुणेवर बोट ठेवून म्हणाले, "पण त्या वेळी मला माहीत होतं, मी विसरणार. म्हणून तर कोरलंय."



त्यांनी फ्लोट काढला, दांडीला दोन बोटं लावली आणि वाकवली. गोळा पेट्रोलवर उंच बसला, दांडी खाली राहिली. टाकीत दहा लिटर असताना काटा रिकाम्यावर आला. मग नवं झाकण उलटं करून त्यांनी खिळ्याने कोरलं: दांडी दोन बोटं वर. बाईंच्या सांगण्यावरून.

"बाई, या वेळी तुम्हालाही सांगून ठेवतो. रिकामा दाखवला की किती शिल्लक असतं ते."

"नका सांगू," बाई म्हणाल्या. "मला कळलं की मी तेही संपवीन."

भावजी खूप दिवसांनी हसले. टेबलावरची किल्ली उचलून खिशात टाकली, आणि खिळा माझ्यापुढे धरला.

"तूही खाली खूण कर. पुढच्या वेळी मी ओळखलं नाही, तर तू ओळखशील. आणि मी विचारलं तर खरं सांग."

मी माझं नाव कोरलं. अक्षर वाकडं आलं. त्यांनी दिव्याखाली धरून तपासलं आणि वाचता येतंय म्हणाले.