भट्टी बंद करा, असं मीच लिहिलं होतं

आयुष्यात मी शेकडो अर्ज लिहिले असतील. त्यातला एकच जसाच्या तसा मंजूर झाला, आणि तो हाणून पाडायला मलाच बेकरीच्या दारात बसावं लागलं.

मी तेव्हा नागपुरात एका सरकारी कचेरीत कारकून होतो. अक्षर बरं होतं आणि ‘सविनय सादर’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंतचा रस्ता डोळे मिटून चालता येत होता. एवढ्या भांडवलावर मोहल्ल्यानं मला समितीचा सचिव करून टाकलं. आमच्या मोहल्ल्यात एका अंगाला कोष्ट्यांची घरं, तिथं दिवसभर मागांची खटखट. दुसऱ्या अंगाला दहा-बारा ख्रिस्ती घरं, कोणी रेल्वेतलं, कोणी मिशनच्या दवाखान्यातलं. आणि दोघांच्या मधोमध चाचांची बेकरी.

चाचांची भट्टी विटांची, घुमटाची, लाकडावर चालणारी. त्यांच्या वडिलांनी पेटवली तेव्हापासून ती पुरती थंड अशी कधी झाली नव्हती. पाव निघाले की तिची आच उतरायची, पण विटा ऊन राहायच्या, आणि त्या उबेवरच दुसऱ्या दिवशीचा जाळ धरायचा. जुनी भट्टी एकदा गार पडली की घुमटाला भेगा जातात आणि मग सगळा पाडूनच बांधावा लागतो, असं चाचा सांगत. नवा घुमट बांधणारा कारागीर आता उरला नाही, हेही सांगत.

माझं भांडण भट्टीशी नव्हतं, धुराड्याशी होतं. ते नेमकं आमच्या गच्चीच्या उंचीला येऊन थांबलं होतं. एका उन्हाळ्यात बायकोनं गच्चीवर कुरडया घातल्या आणि संध्याकाळी त्या उचलल्या तर प्रत्येकीवर काजळीची नक्षी. ती एवढंच म्हणाली की साऱ्या गावाचे अर्ज लिहिता, एक माझाही लिहा. मागणी सोपी होती: धुराडं तीन फूट उंच करावं. चाचांनाही तेच हवं होतं. पण धुराडं मागच्या भिंतीत होतं आणि ती भिंत सरकारी नालीवर टेकलेली, परवानगीशिवाय तिला हात लावता येत नव्हता.

इथं माझं शहाणपण आडवं आलं. आम्ही मागं रस्त्यावरच्या एका दिव्यासाठी अर्ज केला होता, तर दिवा आला नाही. नालीवरच्या एका फरशीसाठी केला, तर फरशी आली नाही. यावरून मी असा सिद्धांत काढला होता की वॉर्ड ऑफिसात थोडं मागणाऱ्याला काहीच मिळत नाही. म्हणून मी लिहिलं, ‘सदर भट्टी नागरिकांच्या आरोग्यास अपायकारक असल्याने ती तात्काळ व कायमची बंद करण्यात यावी.’ साहेब म्हणतील, बंद कशाला, धुराडं वाढवा. असा माझा आडाखा. लिहून झाल्यावर तो परिच्छेद मी स्वतःलाच दोनदा वाचून दाखवला. ‘अपायकारक’ हा शब्द मला फारच आवडला होता.

सह्या एकाच संध्याकाळी झाल्या. मी आणलेला कागद कोणी वाचत नसे. धुराड्याचं आहे म्हटलं की पुरे. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाईंनी चष्मा न लावता सही केली. चाचांनीही केली, अकराव्या नंबरवर, उर्दूत. मराठी त्यांना वाचता येत नव्हतं, आणि मी समोर असताना वाचायची गरजही वाटली नसावी. सहीशेजारी पिठाचं बोट उमटलं. अर्ज गेला आणि मी तो विसरून गेलो.

डिसेंबर आला. नाताळाआधी दोन दिवस चाचांच्या भट्टीत केक भाजले जायचे, ही मोहल्ल्याची रीत. ख्रिस्ती घरांत ओव्हन कुणाकडंही नव्हता. संत्र्याच्या साली साखरेत मुरवायच्या, घरी पीठ फेटायचं, डब्यात ओतायचं आणि वर नावाची चिठ्ठी लावून डबा बेकरीत न्यायचा. पाव निघाल्यावर भट्टीची आच उतरते, त्या आचेवर केक. त्या दिवशी वास आमच्या घरात यायचा आणि माझी बायकोही धुराड्याबद्दल एक शब्द काढायची नाही.

त्या वर्षी नाताळाच्या चार दिवस आधी चाचा माझ्याकडे एक कागद घेऊन आले. बेकरीच्या दाराला कोणी चिकटवून गेलं होतं. वाचून सांगा म्हणाले. मी वाचला. नागरिकांच्या मागणीनुसार भट्टी तेवीस तारखेला सील करण्यात येईल. आरोग्यास अपायकारक. माझा शब्द जसाच्या तसा, एक काना इकडचा तिकडं नाही.

मी चाचांना मजकूर सांगितला. मागणी कोणाची ते नाही सांगितलं. ते म्हणाले, “भाऊ, कोणी केलं असंन असं? जाऊ द्या. आपण एक अर्ज लिहा.”

मग मी माझ्याच अर्जाविरुद्ध अर्ज लिहिला. वॉर्ड ऑफिसातल्या बाबूनं दोन्ही कागद शेजारी ठेवले, बराच वेळ पाहिले आणि विचारलं की अक्षर एक आणि मतं दोन, हे कसं काय. मी खोकलो. शेवटी त्यानं नगरसेवकाकडे बोट दाखवलं.

नगरसेवकाकडे मी नर्सबाईंना घेऊन गेलो, कारण तो त्यांच्याच हातावर जन्मला होता आणि त्या त्याला अरेतुरे करत. तो खुशीत होता. त्यानं सांगितलं की वॉर्डातली एक मागणी निवडून आल्यापासून पहिल्यांदाच पूर्ण होत होती, तीही चाळीस सह्यांची, आता ती मागं कशी घ्यायची? नवीन वर्षात बघू म्हणाला. नर्सबाई म्हणाल्या, “येशूचा जन्म काय तू जानेवारीत ढकलून राहिला?” तो हसला. आम्ही उठलो.

रस्त्यात मी त्यांना खरं सांगितलं. सांगणं भागच होतं, त्यांची सही तिसऱ्या नंबरवर होती. त्या चालायच्या थांबल्या. मला वाटलं आता चप्पल. पण त्या फक्त म्हणाल्या, “चाचाले सांगितलं?” मी नकारार्थी मान हलवली. “मग तेवीस तारखेले त्याईच्या समोर सांगजो. आणि आता मले कागद नको दाखवू. आपल्याले अर्ज नाही करायचा, केक करायचे आहे.”

दोन दिवस नर्सबाई घरोघर फिरल्या. फक्त ख्रिस्ती घरांत नाही, सगळ्याच. कोष्ट्यांच्या बायकांना त्यांनी सांगितलं की दिवाळीला नानकटाई भाजायला देता ना, ती आता द्या. तेवीसला सकाळी बेकरीसमोर रांग लागली. केकचे डबे, नानकटाईचे ट्रे, कोणी रताळी आणली होती, एका म्हातारीनं तर नुसती वांगी. आमच्या घरातूनही परात आली. परातीमागे बायको होती आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

अकरा वाजता वॉर्ड ऑफिसचा इन्स्पेक्टर आला, सोबत दोन माणसं आणि लाखेचा डबा. माणूस वाईट नव्हता. आदेश आहे म्हणाला, भट्टी रिकामी करा. नर्सबाई दारात स्टूल टाकून बसल्या होत्या, उठल्या नाहीत. मी त्यांच्या पायाशी पायरीवर बसलो, आणि कारकुनीत गेलेली माझी सगळी वर्षं त्या एका क्षणी कामाला आली. मी म्हणालो, आत नागरिकांची मालमत्ता आहे. पंचनामा केल्याशिवाय सील लावता येणार नाही. प्रत्येक डब्याची मालकासह नोंद घ्यावी लागेल.

त्यानं विचार केला आणि कागद काढला. लिहायला लागला. पण चाचांचं काम चालूच होतं. भाजलेला डबा बाहेर यायचा, कच्चा आत जायचा. यादी सतराव्या डब्यापर्यंत पोचली की पहिले सहा डबे आपापल्या घरी गेलेले असायचे. त्यानं तीनदा यादी फाडली. नर्सबाईंनी त्याला चहा दिला आणि गरम केकची फोड. तीही त्यानं यादीत धरावी का, असं मी विचारलं. माझा हा आगाऊपणा महागात पडला.

तो चिडला. फाईल उघडून त्यानं माझा मूळ अर्ज बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर धरला. म्हणाला, तुम्ही मला अडवता, पण मागणी तुमचीच आहे. आणि चाचांकडे वळून म्हणाला, “ही अकराव्या नंबरची सही कोणाची?”

चाचा हातातलं लांब फावडं भट्टीच्या तोंडाशी टेकवून पुढे आले. सही पाहिली, पिठाचं बोट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

मी उभा राहिलो. धुराड्याचं, तीन फुटांचं, माझ्या सिद्धांताचं, सगळं सांगितलं. ‘अपायकारक’ आवडला होता हेही सांगितलं, का कोण जाणे. रांगेतून हसू आलं नाही. तेवढं एक हसू आलं असतं तर बरं झालं असतं.

चाचा इन्स्पेक्टरला म्हणाले, “सही माही आहे साहेब. खोटं काहून बोलू? पण भट्टी मी नाही बुझवणार. तुम्ही बुझवा, जमत असंन तर.” मग मला म्हणाले, “तुमच्याशी नंतर बोलतो भाऊ. ते लाकडं द्या इकडं.”

मी लाकडं दिली. दिवसभर देत राहिलो. इन्स्पेक्टरनं एकदा पाण्याच्या पिंपाकडे पाहिलं, एकदा भट्टीच्या तोंडाकडे, आणि त्याच्या दोन माणसांनी दुसरीकडेच तोंड फिरवलं. जळत्या भट्टीवर पाणी ओतायला तिघांपैकी कोणी तयार नव्हतं.

चार वाजता नगरसेवक आला. रांग पाहिली. त्या रांगेत त्याच्या वॉर्डातली जवळजवळ सगळी मतं हातात परात घेऊन उभी होती. तो समजुतीच्या सुरात बोलायला लागला, की नियमाप्रमाणं परवानगी... नर्सबाईंनी त्याला पुढं बोलू दिलं नाही. “तुले या हातानं बाहेर काढलं, तवा मी कोणाची परवानगी घेतली नव्हती. आजही घेऊन नाही राहिली.”

आता मात्र रांग हसली. नगरसेवकही हसला, उशिरा. इन्स्पेक्टरच्या कानाशी लागला. लाखेचा डबा जसा आला तसा परत गेला. आदेश रद्द झाला नाही, कागदावर तो राहिलाच. फक्त त्याचं पुढं काही झालं नाही, आणि वॉर्ड ऑफिसच्या त्या सवयीचे मी आयुष्यात पहिल्यांदा मनातून आभार मानले.

चाचा नंतर बोलले, पण फार नाही. यापुढं सही करण्याआधी कागद वाचून दाखवायचा, एवढं माझ्याकडून कबूल करून घेतलं. मग परवानगीची वाट न बघता दोघांनी मिळून धुराड्यावर तीन फुटांचा पत्रा चढवला. मी शिडी धरली होती.

पुढं निवडणूक आली. नगरसेवकानं आपल्या कामांचं पत्रक छापलं. पहिल्याच ओळीत होतं की धुराची बेकरी कायमची बंद केली. पत्रकं गठ्ठ्यानं वाटली गेली, उरलेली कोणीतरी चाचांच्या फळीवर आणून टाकली. पाठ कोरी होती आणि कागद जाड होता. चाचांनी काय लिहिलंय ते मला वाचून दाखवायला लावलं, पूर्ण, दोनदा. मग महिनाभर साऱ्या मोहल्ल्याला त्याच कागदात गरम पाव बांधून दिले, छापील बाजू वर ठेवून.