रागीच्या पिठावरची दोन वादळं

तीन आठवड्यांपूर्वी म्हैसूरजवळ मेटगळ्ळीला कारखान्यात कामावर होते, तेव्हा अप्पांचा फोन आला. "कमळी गेली गं," एवढंच बोलले. कमळाआत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर आमच्याच घरात राहिली आणि म्हैसूरच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. जिभेला हाड नव्हतं तिच्या. ढगाला नुसतं 'काळा' म्हटलं तरी मराठीत कानडी मिसळून उसळायची, "अय्यो, काळी म्हैस असते कणे, ढगाला नाव असतं!"

मी दहा वर्षांची होते तेव्हा अप्पा मालवाहू जहाजावर इंजिनियर होते. त्या वर्षी ते मद्रासहून निघाले आणि बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ उठलं. आमचा जीव टांगणीला. मग रेडिओनं सांगितलं, वादळ जहाजांच्या वाटेपासून दूर सरकलं. आईनं पांडुरंगापुढं साखर ठेवली. ती माझ्या हातावर पडतेय तोच आत्या वर्तमानपत्रातला हवामानाचा नकाशा घेऊन आली. "वहिनी, थांबा. शेजारी दुसरं उठलंय. गेलेलं परत फिरेल." आई कडाडली, "अभद्र बोलू नका वन्सं!"

आत्यानं मला ओढत मागच्या दारी नेलं. पाण्याच्या तोट्टीत, म्हणजे हौदात, रागीचं, आपल्या नाचणीचं, पीठ भुरभुरलं, दोन पळ्या बुडवून दोन्ही एकाच दिशेनं, घड्याळाच्या उलट ढवळल्या आणि वर उचलल्या. "सुम्नीर, आता गप बघ." दोन भोवरे उठले, आणि खरं सांगते, ते आपापल्या वाटेनं गेलेच नाहीत. फुगडी घालावी तसे एकमेकांभोवती फिरू लागले. दूर चाललेला मोठा वळून मागे आला, धाकट्याला जवळ ओढलं, गिळलं, आणि पिठाचं एकच चक्र फिरत राहिलं. "शेकडो मैलांची वादळं अशीच फिरतात कणे! कुणाचा हात लागत नाही!" आत्या हसत होती, डोळे भरून आले होते. मागून आईचा आवाज आला, "भाऊ त्या पाण्यात आहे, आणि तुम्ही हसताय?" आत्याच्या हातातल्या पळ्या पाण्यात पडल्या.

दुसऱ्या दिवशी रेडिओनं सांगितलं, वादळ उलटं फिरलं. आईनं आत्याकडे पाहिलंही नाही, जणू तिनंच ते वळवलं होतं. पाच दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. सहाव्या दिवशी विशाखापट्टणहून तार आली, सुखरूप आहे... आमच्या जिवात जीव आला. अप्पा घरी आल्यावर आईचा राग विरघळला, पण आत्यानं घरात पुन्हा वादळाचं नाव काढलं नाही. शेवटच्या भेटीत, दवाखान्यात, तिनं माझा हात धरला. "त्या दिवशी मी हसले, ते दादाला सांगितलंस का गं?" "नाही." "नको सांगू. त्याचा जीव तिथं टांगलेला, आणि मला ते सुंदर वाटलं..." इतकी वर्षं ती हे उरात घेऊन आमच्यात वावरली, आणि मला पत्ता नव्हता. नाही सांगणार, असा शब्द मी तिला दिला.

तेरावं झालं आणि मी शब्द मोडला. अप्पांना सगळं सांगितलं.

"दोन्हीकडून लाटा येत होत्या गं," ते म्हणाले. "समोरासमोर भिडायच्या आणि गोपुरासारख्या उभ्या राहायच्या. जहाजावर सगळ्यांना देव आठवत होता. मला मात्र एकच वाटत होतं... आमची कमळी इथं हवी होती. हे तिनं बघायला हवं होतं."

"मग तिला कधी सांगितलं का नाही?"

"घाबरेल म्हणून," अप्पा म्हणाले.