होर्डिंगवरचा कचरू निकाळजे

पलासियाच्या चौकात लाल सिग्नलला कचरू निकाळजेनं स्कूटर थांबवली आणि वर पाहिलं. स्वतःला ओळखायला त्याला क्षणभर वेळ लागला. होर्डिंगवर त्याचाच चेहरा होता, दुमजली घराएवढा. कपाळापासून हनुवटीपर्यंत काजळी, लाल डोळे, हातात फावडं. शेजारच्या अर्ध्या भागात निळ्या सोलर पॅनेलांपुढे पांढरं हेल्मेट घातलेली गोरीपान मुलगी हसत होती. मधे ठसठशीत अक्षरं: ‘कल की कालिख, आज का सूरज.’

त्याची मुलगी धम्मदीना तिथल्याच एका बँकेत नोकरीला. सकाळी तिनंच फोन केला होता. “बाबा, तुम्ही स्वतः येऊन बघा,” एवढंच म्हणाली. आणि फोन ठेवला.

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजले. “ओ भिया, चलो ना!” कुणीतरी ओरडलं. कचरू जागचा हलला नाही.

बेटम्याच्या रस्त्यावरच्या एका सॉसच्या कारखान्यात त्यानं सव्वीस वर्षं काढली होती. आधी नुसता कोळसा लोटायचा. मग पाळी संपल्यावर अभ्यास करून, दुसऱ्या खेपेला का होईना, परीक्षा पास झाला आणि बॉयलर चालवण्याचं सरकारी सर्टिफिकेट मिळवलं. आजोबा महूच्या छावणीत शिपाई होते. त्यांच्या पदकाशेजारी कचरूच्या बायकोनं, मंजुळानं, ते सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं. एकदा पंपानं दगा दिला आणि बॉयलरमधलं पाणी धोक्याच्या खुणेखाली गेलं. बाकीचे बाहेर पळाले. कचरूनं आणि कोळसा लोटणाऱ्या पंढरीनाथनं भट्टीतला जळता कोळसा ओढून बाहेर काढला. कचरूचं कोपर भाजलं, पण कारखाना वाचला.

कोळशावर त्याचं प्रेम होतं असं मात्र नाही. कोळशाला कचरूइतक्या शिव्या कुणी दिल्या नसतील. घरी गेल्यावर थुंकीसुद्धा काळी पडायची. “साहेब, छतावरचं एवढं ऊन फुकट चाललंय,” असं जुन्या मालकांना तोच सांगायचा. साहेब हसून सोडून द्यायचे. ते गेल्यावर मुलानं, यशवर्धननं, खरंच पॅनेल बसवले, विजेवर चालणारा नवा बॉयलर आणला. आणि कचरू, पंढरीनाथ आणि कोळसा लोटणारे आणखी दोघं, अशा चौघांच्या हाती एकेक रोपटं देऊन त्यांना घरी पाठवलं. शेवटच्या आठवड्यात एका पोरीनं कचरूचा फोटो काढला होता. “काका, आठवण म्हणून.”

ती आठवण आता चौकात टांगली होती.

कचरू तिथून थेट विजय नगरातल्या कंपनीच्या ऑफिसात गेला. जाहिरातीचं काम बघणारी मधुरिमा नावाची बाई समोर आली.

“फोटो कोणाला विचारून लावला?”

“काका, आधी बसा ना. पानी मंगवाऊं? अहो, लोकांना किती आवडलाय! काय स्ट्राँग चेहरा आहे तुमचा.”

“मी विचारलं, कोणाला विचारून?”

“तुम्ही सही केलीय ना, नोकरी सोडतानाच्या कागदांवर.”

“ते सगळे इंग्रजीत होते. त्यात हे होतं, असं सांगितलं कुणी?”

“काका, मनाला नका लावून घेऊ. तो फोटोतला माणूस म्हणजे तुम्ही नाहीच. वो तो बस पोल्यूशन है, सिम्बॉलिक.”

कचरूच्या अंगाची लाही झाली. “मी पोल्यूशन? कोळसा तुम्ही मागवला. चिमणी तुमची, सॉस तुमचा, त्यावरचं नाव तुमचं. धूर तेवढा माझा? सूर्य तुमच्या साहेबांच्या बापाला मीच दाखवला होता, विचारा साहेबांना!”

ऑफिसातली माणसं मान वर करून बघायला लागली. गार्डनं येऊन त्याचं बखोट धरलं.

“हात काढ,” कचरू म्हणाला. “चालत आलोय, चालत जाईन.”

घरी मंजुळानं सगळं ऐकून घेतलं. ‘जाऊ द्या’ म्हणणाऱ्यांतली ती नव्हती. “उद्या शिडी घेऊन मीच जाते,” ती म्हणाली आणि भाकरी अशी थापली की परात वाजली.

बाराव्या दिवशी यशवर्धनचा फोन आला. नवा बॉयलर बघायला आलेल्या इन्स्पेक्टरनं काम अडवलं होतं. आग कोळशाची असो की विजेची, वाफ ती वाफच. सर्टिफिकेटवाला माणूस उभा असल्याशिवाय बटनाला हात लावायचा नाही. आवारात टमाटरच्या गाड्या येऊन थांबल्या होत्या आणि असा दुसरा माणूस इतक्या घाईत मिळत नव्हता.

“कचरूजी, जरा समजून घ्या,” यशवर्धन म्हणाला. सव्वीस वर्षांत त्या घराण्यातून नावापुढे ‘जी’ लागलेला हा पहिलाच दिवस.

“आधी होर्डिंग उतरवा. मग आम्ही चौघंही कामावर येतो. एकटा मी येणार नाही.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर टमाटर उन्हात शिजवा. ऊन आहेच की तुमच्याकडे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी होर्डिंग उतरलं. धम्मदीना बँकेच्या पायऱ्यांवर उभी राहून शेवटपर्यंत बघत होती.

नवा बॉयलर कचरूनं आठवड्यात आत्मसात केला. राख नाही, धूर नाही, संध्याकाळी सदरा सकाळसारखाच. हे सुख त्याला आवडलं, आणि आवडलं म्हणूनच तो आणखी पेटला. एवढं सोपं होतं, तर आमची छाती जाळून झाल्यावरच का सुचलं?

कारण चौघांतले तिघंच कामावर राहिले होते. पंढरीनाथ नंतर झालेल्या डॉक्टरी तपासणीत नापास झाला. छातीच्या एक्स-रेत डाग निघाले, आणि कंपनीनं लिहून दिलं, कामास अयोग्य. ज्यांच्या भट्टीनं ती छाती भरली, त्यांनीच ती नापास केली.

“चौघं म्हणालो होतो,” कचरूनं यशवर्धनला गाठून सांगितलं.

“कचरूजी, रिपोर्ट मी नाही लिहिला.”

“धूर तर तुम्हीच सोडला होता ना?”

त्यावर यशवर्धन गाडीत बसून निघून गेला. आता लेबर कोर्टात केस चालू आहे आणि प्रत्येक तारखेला कचरू रजा टाकून पंढरीनाथबरोबर जातो. मागच्या तारखेला कंपनीचा वकील म्हणाला, हा माणूस बिडी ओढत असेल. पंढरीनाथनं आयुष्यात बिडीला हात लावला नव्हता. पण खोकल्याची अशी उबळ आली की त्याला तेवढंही सांगता येईना. तेव्हा ते सांगायला कचरू उठून उभा राहिला. जजसाहेबांनी दोनदा बसायला सांगितलं, तरी तो बसला नाही.