नव्या पायाचं माप

आईचा उजवा गुडघा बदलला आणि घरात तिच्या पायांना नावं पडली. उजवा तो नवा, डावा तो जुना. "नव्याखाली उशी दे गं", "जुना आज फार कुरकुरतोय", असं ती दोन सुनांबद्दल बोलावं तसं बोलायची.

आई ओटीवर बसून पायमशीनवर ब्लाउज शिवते. रेवसच्या रस्त्यावरच्या आमच्या गावातल्या निम्म्या बायकांची मापं तिला वही न उघडता पाठ आहेत. ऑपरेशनच्या आधीच तिने शेजारच्या काकूंना शब्द देऊन ठेवला होता. त्यांच्या मुलीच्या हळदीला घरातल्या चौदा बायका एकाच रंगाच्या साड्या नेसणार होत्या, आणि ते चौदाही ब्लाउज आई शिवणार होती. आमच्याकडे लग्नाला एक वेळ उशिरा गेलं तरी चालतं, हळदीला नाही. मी मशीनला मोटर बसवू म्हटलं, तर म्हणाली, "मोटर पळत सुटते. मला काखेच्या वळणावर टाका टाका थांबायचं असतं." म्हणजे मशीन पायानेच चालणार होती, आणि पाय अजून उशीवर होता.

मी न्हावा शेवा बंदराजवळच्या एका ऑफिसात कंटेनरची कागदपत्रं तपासते. त्या दोन-अडीच महिन्यांसाठी घरून काम मागून घेतलं होतं. खरं तर मला माणसांपेक्षा कागदपत्रंच बरी वाटतात.

अलिबागहून स्कूटरवर फिजिओ मॅडम यायच्या. पहिल्या भेटीत त्यांनी गुडघ्याच्या वाटीच्या वर दहा सेंटीमीटरवर पेनाने खूण केली, तिथे फीत गुंडाळली आणि आकडे सांगितले. नवा शेहेचाळीस, जुना चव्वेचाळीस. मला मराठी आकडे मनात इंग्रजी करून घ्यावे लागतात, तेवढं झाल्यावर मी खूश झाले. नवा पाय आत्ताच पुढे!

"ही सूज आहे," मॅडम म्हणाल्या. "आतला स्नायू अजून झोपलाय. सूज उतरली की आकडा खाली येईल, तेव्हा घाबरू नका. तिथून तो वर चढायला हवा. नवा पाय जुन्याच्या एका सेंटीमीटरच्या आत आला आणि या हात न टेकता अर्ध्या मिनिटात दहा वेळा खुर्चीवरून उठल्या, की मशीनचं बघू."

दर रविवारी माप घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मॅडमशी बोलताना मी 'थाय' म्हणायचे. "मांडी म्हण की," आई म्हणाली, "मांडीच आहे ती." पण मी लाजत होते ती शब्दाला नाही. आमच्या घरात कुणी कुणाला उगाच जवळ घेत नाही. आईच्या उघड्या मांडीभोवती फीत गुंडाळताना मी फक्त आकड्यांकडे बघायचे, आणि तीही त्या वेळी छताकडे बघून वाशांवरची कोळिष्टकं मोजायची.

घोट्याला बांधायची वजनं पनवेलहून आणा असं मॅडमनी सांगितलं होतं. आईने अंथरुणात बसून हाताने जाड कापडाच्या तीन पिशव्या शिवल्या, नाड्या लावल्या आणि त्यांत घरचे वाल भरले. अर्ध्या किलोची, पाऊण किलोची आणि एक किलोची. मॅडमनी वजनकाट्यावर ठेवून पाहिल्या आणि त्यांना एकही चूक काढता आली नाही. पाय सरळ ठेवून वर उचलायचा, पाच मोजायचे, खाली. वाल आतल्या आत खळखळायचे.

मी लॅपटॉपवर तक्ता केला होता. तिसऱ्या रविवारी नवा पाय साडेबेचाळीस, चौथ्या रविवारी त्रेचाळीस, पाचव्या रविवारीही त्रेचाळीस. जुना चव्वेचाळीसवर ठाम. एका सेंटीमीटरचं अंतर! आईने तो आकडा माझ्या तोंडून दोनदा वदवून घेतला.

त्याच संध्याकाळी काकू आल्या. "काय गो वयनी, पाय नवीन आनलास न मशीन अजून झोपलीच हाय? सांग बाय, जमल का न्हाय? न्हायतर अलिबागच्या दुकानात टाकते."

"दुकानात कशाला? कापड धाडून दे," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चौदा पिवळेधमक तुकडे मशीनवर येऊन पडले.

सहाव्या आठवड्यात मॅडम आल्या. मी तक्ता दाखवला. "छान," त्या म्हणाल्या आणि आईला खुर्चीवरून उठायला लावलं. आई नऊ वेळा उठली. मॅडमच्या कपाळावर मात्र आठी पडली. "या सगळा भार डाव्या पायावर टाकून उठतायत. बघा, कशा तिरक्या उठतात. नवी मांडी त्रेचाळीस असती तर अशा उठल्या नसत्या." त्यांनी स्वतः फीत लावली. साडेएकेचाळीस.

"तुम्ही कसं माप घेता, दाखवा," त्या मला म्हणाल्या.

मी दाखवलं. आधी जुना पाय, चव्वेचाळीस. मग नवा, त्रेचाळीस. मॅडम वाकून माझ्या हाताकडे बघत राहिल्या.

"हे बोट कुणाचं?"

फितीच्या आत माझं बोट होतं. मी दहा वर्षांची असताना आईनेच मला माप घ्यायला शिकवलं होतं. फीत आवळायची नाही, एक बोट आत ठेवायचं, म्हणजे बाईला हात वर करता येतो. ते बोट आपोआप आत गेलं होतं.

"मग जुन्या पायाला का नाही ठेवलं?" मॅडमनी विचारलं.

"तो एवढा दुखत नाही ना," मी म्हणाले.

मला जमिनीत जावंसं वाटलं. ऑफिसात एक आकडा चुकला तर अख्खा कंटेनर अडकून पडतो, आणि इथे मी तीन रविवार चुकीचं लिहिलं होतं, तेही फक्त एकाच पायाचं. मग आई हसायला लागली. हसता हसता नवा पाय दुखला, तरी थांबेना. "म्हणजे लेकीने मला पेपर न तपासताच पास केलं!"

पण मॅडम गेल्यावर ती बराच वेळ त्या पिवळ्या ढिगाकडे बघत बसली. हळदीला चार आठवडे होते. शेवटी तिने काकूंना हाक मारून बोलावलं आणि सात तुकडे परत दिले.

"मुलींचे दुकानात टाक. म्हाताऱ्यांचे मी शिवते. त्यांची मापं दुकानाला कळायची नाहीत."

"न तुजा पाय?"

"तीन आठवडे दे."

त्या तीन आठवड्यांत आईने एक किलोची पिशवी नव्या पायावरून उतरवलीच नाही, म्हणजे तसं वाटावं इतक्यांदा बांधली. खुर्चीसमोर तिने आरसा ठेवायला लावला आणि उठताना तिरकं झालं की स्वतःलाच ओरडायची. रविवारी मी फीत लावली की म्हणायची, "आवळ. अजून आवळ. मी काय मोडतेय?" मी आवळायचे. तिला दुखायचं, ती छताकडे बघायची, मी आकडा लिहायचे. बेचाळीस. साडेबेचाळीस. नवव्या आठवड्यात मॅडमनी मला बाजूला बसवून स्वतः फीत लावली. त्रेचाळीस. खुर्चीवरून अकरा वेळा, सरळ.

"सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा मिनिटं," त्या म्हणाल्या. "सोळावं मिनिट नाही."

मी फोनवर घड्याळ लावून ओटीवर बसले. आईने दोन्ही पावलं मशीनच्या पायडलवर ठेवली, हाताने चाकाला धक्का दिला आणि मशीन खडखडली. दोन टाके, एक थांबा. मग सलग. पंधरा मिनिटांनी मी घड्याळ दाखवलं तर म्हणाली, "ही बाही संपवू दे." संपवू दिली नाही. कापणी आणि हातशिलाई मात्र ती दिवसभर करत राहिली, त्याला कुणाची बंदी नव्हती.

हळदीच्या दोन दिवस आधी सातही ब्लाउज झाले. दुकानातले सातही आले, आणि त्यातले चार घट्ट निघाले. काकूंच्या घरातल्या मुली हात वर करून आमच्या ओटीवर उभ्या राहिल्या. आईने हाताजवळची कात्री उचलली. "बोट ठेवलं नसेल," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. शिवणी मी उसवल्या, पंधरा मिनिटांत बसतील तेवढ्या तिने मशीनवर घातल्या आणि उरलेल्या हाताने टाचल्या.

मग काकूंनी पंधरावा तुकडा पुढे केला. मला न विचारता माझ्यासाठीही साडी घेतली होती. मी साडी नेसत नाही, हळदीत नाचणं तर दूरच, आणि नाही म्हणायची वाक्यं माझी तयार होती. पण आई उठून उभी राहिली होती, फीत घेऊन. फीत माझ्याभोवती फिरली तेव्हा मी आकड्याकडे पाहिलं नाही. खाली तिच्या पावलांकडे पाहत होते. दोन्ही सारखी टेकली होती.

"आई, बोट काढ. खरं माप घे."

"गप उभी राहा," ती म्हणाली. "तुला नाचायचंय."

हळदीच्या दुसऱ्या दिवशी तिने अर्ध्या किलोची पिशवी उसवून वाल भिजत घातले. "हिचं काम झालं," म्हणाली. दोन दिवसांनी आम्ही दोघी ओटीवर बसून मोड आलेले वाल सोलत होतो, आणि एक किलोची पिशवी तिच्या घोट्याला बांधलेलीच होती.