फिरून येणारी गिऱ्हाइकं

राओन रस्त्यावरच्या वाद्यांच्या दुकानात मेडिंग एकतीस वर्षं उभी होती. नोकरीला होती असंच म्हणायला हवं, पण तिच्या पायांना विचारलं असतं तर त्यांनी उभी होती असंच सांगितलं असतं. पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी आल्या होत्या. घरी गेल्यावर ती त्यांना खोबरेल चोळायची आणि सकाळी पेज पिऊन पुन्हा डाव्या भिंतीशी येऊन उभी राहायची. खरं नाव रेमेडिओस, पण ते फक्त पगाराच्या पाकिटावर. बाकी सगळ्यांची ती आते मेडिंग. आते म्हणजे थोरली बहीण. तिच्याहून वयाने मोठी गिऱ्हाइकंही तिला तीच हाक मारत.

दुकानाच्या डाव्या भिंतीवर लाकडी गिटारी होत्या, उजवीवर विजेवर वाजणाऱ्या. गिऱ्हाइकांचीही तशीच वाटणी होती. नोकरमाणसं त्यांना लाकूडवाले आणि वायरवाले म्हणत. माणूस उंबऱ्यावर असतानाच मेडिंग त्याला ओळखायची.

वायरवाले पंधरा नाहीतर तीस तारखेला येत, पगाराचे पैसे खिशात गरम असताना. दोघे-तिघे मिळून येत. काय हवं ते फोनवर आधीच पाहिलेलं असे, नाव पाठ, रंग पाठ. वायर जोडायची, तेच चार सूर कान फुटेस्तोवर वाजवायचे, पैसे टाकायचे आणि निघायचं. पंधरवड्यात पुन्हा हजर. आवाज बदलायचे पायाने दाबायचे डबे, म्हणजे पेडल, मग नवी वायर, मग पट्टा. आणि सहा महिन्यांनी गिटारच देऊन टाकून दुसरी. त्यांच्याकडे वस्तू पाहुणीसारखी येते, असं मेडिंग म्हणायची. चहा होईपर्यंत कौतुक.

लाकूडवाला एकटा येई, बहुतेक मंगळवारी, दुपारच्या रिकाम्या वेळी. पाठीवरची पिशवी उतरवून खाली ठेवी. हात मागे बांधून सगळी भिंत बघे. मग एखादी गिटार उतरवून बोटाच्या सांध्याने तिच्या पाठीवर टकटक करी, कलिंगड बघतात तशी. कान लावी. भोकाशी नाक नेऊन वास घेई. वाजवताना इतकं हळू वाजवी की शेजारच्या दुकानातल्या कराओकेत ते बुडून जाई. किंमत विचारी, मान हलवी, गिटार आपल्या हाताने खुंटीला लावी आणि म्हणे, "फिरून येतो."

राओनवर हे दिवसातून शंभरदा ऐकू येतं आणि त्याचा अर्थ नको असा होतो, हे पोरांनाही ठाऊक असतं. पण लाकूडवाले खरंच फिरून येत. दोन महिन्यांनी, पाच महिन्यांनी. एक जण दीड वर्षाने आला होता, मधल्या काळात झालेली मुलगी कडेवर घेऊन. येत, तीच गिटार मागत, घेत. आणि एकदा घेतली की संपलं. पुन्हा त्यांचं तोंड दिसत नसे. मेडिंग म्हणायची, जन्माची सोय करून गेला.

याच गोष्टीचा तिला अभिमान होता आणि नव्या मालकाच्या गणितात नेमकी हीच गोष्ट बसत नव्हती.

नवा मालक केल्विन, जुन्या मालकांचा नातू. मुलगा मऊ बोलणारा. त्याने तिला बसवून घेऊन सांगितलं, "आते, तुझी माणसं चांगली आहेत. पण ती एकदाच घेतात."

"फिरून येतात, सर."

"घ्यायच्या आधी येतात. घेतल्यावर कोण येतं?"

मग तो सावकाश पुढचं बोलला. ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी डावी भिंत मोकळी करायची. तिथे पेडलसाठी काचेची कपाटं येतील. उरलेल्या गिटारी समुद्रकाठची हॉटेलं सजवून देणारा एक व्यापारी एकगठ्ठा नेईल. मेडिंगला कपाटामागे स्टूल मिळेल. "बसायला मिळेल, आते," तो म्हणाला, आणि ते त्याने खरोखरच्या मायेने म्हटलं. तिच्या पायांना ते ऐकून बरं वाटलं. पायांना बरं वाटलं याची तिला दिवसभर लाज वाटत राहिली.

भिंतीवरच्या बाकी गिटारींचं तिला एवढं नव्हतं. जीव अडकला होता तो सगळ्यात वरच्या खुंटीवरच्या एकीत.

तिच्यावर नाव नव्हतं, चिठ्ठी नव्हती. मक्तान बेटावर अबुनो गावात मेडिंगच्या बापाने ती केली होती. पाठ आणि कडा फणसाच्या लाकडाच्या. ती त्याची शेवटची. तोवर हात कापायला लागले होते, म्हणून भोकाभोवतीची शिंपल्यांची रांग एका ठिकाणी वाकडी गेलेली. जहाजाने पाठवली तेव्हा त्याने फोनवर एवढंच सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी घेईन म्हणणाऱ्याला देऊ नको. लाकूड कळायला वेळ लागतो, माणूस कळायलाही. त्या पावसाळ्यात तो गेला. त्याला बारा वर्षं झाली.

बारा वर्षांत पुष्कळांनी ती मागितली. मेडिंग, जी एरवी गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नसे, ती सांगायची, मान जरा वाकडी आहे, आवाज जाड आहे. तो माणूस मग खालची दुसरी घेऊन जाई. ज्याला द्यावीशी वाटावी असा बारा वर्षांत एकच आला. मालाबोनच्या शाळेतले मास्तर, होनोरातो. रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या साथीला वाजवायचे. मे महिन्यात आले, जुलैत आले, सप्टेंबरात आले. पहिल्यांदा त्यांनी भोकाशी नाक नेलं आणि डोळे मिटून बराच वेळ तसेच राहिले. मेडिंगने मान वाकडी असल्याचं सांगितलं नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी तारा स्वतः सुरात लावल्या, गिटार खुंटीला लावली आणि म्हणाले, "फिरून येतो, मॅडम. वर्षअखेरचा बोनस हातात आला की."

ही एकच गिटार नाताळपर्यंत ठेवा, असं तिने केल्विनला विनवून पाहिलं. त्याने सरळ विचारलं, मास्तरांचा नंबर घेतलास का? नव्हता घेतला. वायरवाल्यांचे नंबर वहीत असत, नवा माल आला की कळवायला. लाकूडवाल्याला नंबर मागायचा म्हणजे त्याच्या मागे धावणं; त्याच्या शब्दावर विश्वास नाही असं सांगणं. तिने तो कधीच कुणाला मागितला नव्हता. "मग शुक्रवारपर्यंत," केल्विन म्हणाला.

स्वतःच का घेऊ नये, हेही तिच्या मनात येऊन गेलं. पण तिला वाजवता येत नव्हतं. भाड्याच्या खोलीत ती खिळ्याला टांगली गेली असती, हॉटेलात टांगली गेली असती तशीच.

शुक्रवार उजाडला. किआपोच्या चर्चकडे निघालेल्यांनी रस्ता भरून गेला. तीन दिवसांवर मृतांचा सण, त्यामुळे मेणबत्त्या आणि पिवळी फुलं विकणारे फुटपाथभर बसलेले. मेडिंगने कुलूप काढलं तेव्हापासून तिची नजर दारावर होती. अकरा गिटारी सुतळीने बांधून कोपऱ्यात उभ्या केल्या होत्या. वरची तिने अजून उतरवली नव्हती.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते देन्सियो.

तीस तारीख होती, तो येणारच होता. देन्सियो एसी दुरुस्त करायचा आणि शनिवारी एका बारमध्ये वाजवायचा. अकरा वर्षांत त्याची एकही पंधरा-तीस चुकली नव्हती आणि एकही वस्तू त्याच्याकडे टिकली नव्हती. आताही एका हातात परत द्यायचं पेडल आणि दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेलं तुरोन, केळं आणि फणसाचा गरा घालून साखरेत तळलेलं.

"काय रे, हेही नको झालं?" मेडिंग म्हणाली. "बायकोला सांभाळून राहायला सांग. एखाद्या तीस तारखेला तिलाही घेऊन येशील बदलून घ्यायला."

"तीच मला घेऊन येईल, आते," तो म्हणाला. मग त्याचं लक्ष डावीकडे गेलं. भिंत कुठे चालली, असं त्याने विचारलं. तिने दोन वाक्यांत सांगितलं. तो चावायचा थांबला आणि वर बघत राहिला.

"ती काढ ना जरा."

"तुझं काम नाही ते. तिला वायर लागत नाही."

"काढ तर."

हात पूस असं दोनदा सांगून तिने गिटार खाली दिली. त्याने टकटक केली ती पाठीवर नाही, पुढच्या बाजूला. मग इतकी वर्षं लाकूडवाल्यांना बघत आल्यासारखं भोकाशी नाक नेलं. "हिला तुरोनचा वास येतोय."

"तुझ्या बोटांना येतोय."

गल्ल्यावर केल्विन हसला. देन्सियो वाजवायला लागला, आधी नेहमीसारखा जोरात, वायर असल्यासारखा. आपणच आपल्याला मोठ्याने ऐकू आल्यावर तो दचकला आणि पुढचं हळू वाजवलं. कुठलंसं जुनं, लग्नात वाजतं तसं. मग म्हणाला, घेतो.

मेडिंगने सांगितलं, मान वाकडी आहे.

"माझीही आहे, गच्चीवरचे एसी उचलून उचलून."

तिने किंमत दुप्पट सांगितली. त्याने खिशात होतं तेवढं गल्ल्याच्या काचेवर ठेवलं. ते निम्म्याहून थोडं जास्त होतं.

तेव्हा केल्विन उठून उभा राहिला. तो एवढंच म्हणाला, "आते. भवानी."

त्यांच्याकडे तिला बुएना मानो म्हणतात. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाता कामा नये. ते जिथे अडेल तिथे आपण खाली यायचं. जुन्या मालकांचा हा नियम. केल्विनने दुकानातलं सगळं बदललं, हे बदललं नाही. आणि तो सगळ्यात कडकपणे पाळणारी मेडिंगच होती. पहिलं गिऱ्हाईक सोडलं म्हणून एका नव्या मुलीला तिने रडेपर्यंत बोलून घेतलं होतं. राखून ठेवलीय, हे शब्द तिच्या जिभेवर आले. पण कुणासाठी, असं विचारलं असतं तर तिच्याकडे एक नाव आणि एका गावाचं नाव, एवढंच होतं. रस्त्यावरून चर्चला जाणाऱ्यांचा लोंढा सरकत होता. त्यात मास्तर नव्हते.

तिने पैसे उचलले. सवयीने वरची नोट घेऊन भवानीची म्हणून सगळ्या मालावरून हलकेच आपटत गेली: तारांची पाकिटं, पट्टे, कोपऱ्यातला सुतळीने बांधलेला ढीग. रिकाम्या खुंटीपाशी आल्यावर हात थांबला, मग तिथेही टेकवला. देन्सियो गिटार खांद्यावर टाकून निघून गेला. फिरून येतो, असं काही म्हणाला नाही. वायरवाले म्हणत नाहीत.

पंधरा नोव्हेंबरला तो आला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा. विकली असेल, असं मेडिंगने धरून टाकलं.

वीस तारखेला मास्तर होनोरातो आले. काचेच्या कपाटांसमोर, लाल दिवे लुकलुकणाऱ्या पेडलसमोर ते पिशवी उतरवून उभे राहिले. "आलो, मॅडम. बोनस आला," म्हणाले. मेडिंग स्टुलावरून उतरली. बसून सांगण्यासारखं ते नव्हतं. तिने काही लपवलं नाही, भवानीचंही सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, चांगल्या माणसाकडे गेली का?

तिने विचार केला. "दर पंधरवड्याला येणाऱ्याकडे गेली," ती म्हणाली.

त्यांनी पिशवी उचलली. दाराशी जाऊन वळले आणि म्हणाले, "फिरून येतो."

म्हटल्यावर दोघंही थांबली. मग मेडिंगने वही पुढे केली आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा एका लाकूडवाल्याला त्याचा नंबर मागितला.

महिनाअखेरीला दुपारी देन्सियो आला तेव्हा तिचा डोळा लागत होता. त्याच्या पाठीवर कापडी पिशवीत गिटार होती. बदलून घ्यायला आलास ना, असं तिने न उठताच विचारलं.

"तारा घालून दे. दोन तुटल्या."

तिने गिटार मांडीवर घेतली. उरलेल्या एका महिन्यात झिजल्या होत्या, बोटं दाबतात तिथे तिथे चपट्या झालेल्या. एवढ्या झिजायला लाकूडवाल्याला वर्ष लागतं.

"पंधराला का नाही आलास?"

"काही घ्यायचं नव्हतं," तो म्हणाला, जरा ओशाळून. मग समोरच्या कपाटातली पेडलं बघायला लागला, पण हात मागे बांधून.

मेडिंग तारा बांधू लागली. बापाने शिकवलेली गाठ, दोन फेरे आणि शेपूट आत. बांधताना नाक भोकाजवळ आलं. शिंपल्यांची रांग जिथे वाकडी गेली होती तिथेच साखरेचा पाक वाळून चिकटला होता. पुसायला तिने फडकं घेतलं आणि मग ते मांडीवरच राहू दिलं.

"विकायची झाली तर आधी मला सांगायचं," ती म्हणाली.

"हिला कोण विकतंय, आते."

ती वायरवाल्यांना ओळखून होती. तिने वही उघडली आणि मास्तरांच्या नंबराखाली त्याचा नंबर पुन्हा लिहून ठेवला. देन्सियो गेल्यावर पाय खाली सोडले. स्टूल तिच्या मापाला उंच होतं; पाय जमिनीला टेकत नव्हते.